विहिरीतलं खत

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती एकवीस वर्षं पाणी तपासत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत बारा बाटल्या, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी. ती रस्त्यात दिसली की लोक म्हणायचे, "आली बाटलीताई." सुरुवातीला तिला राग यायचा, मग सवय झाली. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलंच तर म्हणायची, "बाराजणी सांभाळतेय, तेराव्याला जागा नाही."

कामात ती चोख होती, पण एक खोड होती. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं म्हणजे तिला कमीपणा वाटायचा. आकडा मोजला, कागदावर लिहिला, ज्याचा त्याला दिला, की तिच्या लेखी काम संपलं. समोरच्याला तो आकडा कळला की नाही, हे बघायला ती थांबत नसे.

तिला वाढवलं थोरल्या भावाने. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा एकवीसचा. नदीच्या वरच्या अंगाला त्यांची जमीन होती, निव्वळ वाळू. मूठभर उचलली तर साखरेसारखी बोटांतून गळायची. पाणी दिलं की घटकाभरात कुठे गेलं ते कळायचं नाही. आजूबाजूचे लोक त्या जमिनीला चाळणी म्हणत. त्या चाळणीवर दादाने बटाटा काढून दाखवला, तोही असा की बघायला माणसं यायची. त्याची रीत साधी होती. "वाळूला पोट नसतं," तो म्हणायचा, "तिला सारखं भरवत राहावं लागतं." लागवडीबरोबर सगळा युरिया एकदम द्यायचा आणि वरून सहासहा तास पाणी सोडायचं. त्याच बटाट्यावर धाकटी बहीण रसायनशास्त्र शिकली.

ती सत्तेचाळीस वर्षांची झाली त्या वर्षी शहराच्या तिसऱ्या विहिरीतलं नायट्रेट वाढायला लागलं. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक नाही, असा नियम. तिसरी विहीर साठावर गेली. साहेबांनी ती विहीर बंद केली आणि नायट्रेट येतंय कुठून ते शोधायला बाटलीताईला सांगितलं. ती एकेक विहीर मोजत चढावर गेली. जसजशी वर जाई तसतसा आकडा वाढे. शेवटची विहीर दादाची होती, घराला लागूनच. तिथे भरले ब्याण्णव.

दादा तेव्हा पंपाच्या खोलीत पट्टा बदलत होता. तिने कागद पुढे केला.

"हे काय?"

"तुझ्या विहिरीचं पाणी. दुप्पट आहे. तू घातलेलं खत वाळूतून खाली उतरतं आणि विहिरीत जातं. हे पाणी पिऊ नका."

दादाने कागद हातात घेतला नाही. हात ग्रीसने भरले होते, हे एक कारण होतं. "तीस वर्षं हेच पाणी पितोय. मला काय झालं?"

"मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही."

"मग? ऑफिसात माझं नाव लिहिणार?"

"लिहावं लागेल."

दादाने पाना खाली ठेवला. "याच खताने तुला शिकवलं, छोटे. आज तू त्याच खताचा पंचनामा करायला आलीस. माझ्या विहिरीत पुन्हा बाटली सोडू नकोस."

तिने कागद पंपावर ठेवला आणि ती निघून गेली. ओसरीत पुतण्याची बायको तांदूळ निवडत बसली होती, सहावा महिना लागलेला. "आत्या, बसा ना जरा," ती म्हणाली. बाटलीताई म्हणाली, "घाईत आहे."

त्यानंतर आठ महिने ती त्या घरी गेली नाही. बाळ झालं तेव्हा प्रसूतिगृहात जाऊन पाच मिनिटं बघून आली. मुलगी होती. पुतण्याने तिचं नाव ठरेपर्यंत पिलू म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. पिलूच्या आईला बाळंतपणानंतर जोराची औषधं सुरू करावी लागली, त्यामुळे अंगावरचं दूध तोडलं. बाळ पावडरच्या दुधावर आलं. ही गोष्ट बाटलीताईला कुणाकडून तरी कळली होती. तिने ऐकली आणि सोडून दिली.

एका दुपारी ऑफिसात वहिनीचा फोन आला. आठ महिन्यांतला पहिला.

"ताई, पिलूचा रंग बघवत नाही. सकाळपासून मलूल आहे. आम्ही दवाखान्यात आहोत. डॉक्टर म्हणतात हृदयाचं असेल, मोठ्या इस्पितळात न्या. तुम्ही येता का?"

"कसला रंग, वहिनी?"

"राखेसारखा. ओठ निळसर झालेत."

बाटलीताई उभी राहिली. समोरच्या टेबलावरचा नमुना तिने तसाच उघडा टाकला, जे तिने एकवीस वर्षांत कधी केलं नव्हतं. दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. रिक्षा थांबवायचंही तिला सुचलं नाही, ती चालत सुटली आणि मग पळायला लागली.

खोलीत पिलू पलंगावर होती. चेहऱ्यावर प्राणवायूचा मुखवटा, पायाच्या अंगठ्याला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा. यंत्रावरचा आकडा पंच्याऐंशीवर अडकला होता. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी प्राणवायू पूर्ण सोडला होता, तरी आकडा हलत नव्हता, आणि त्या पुन्हा पुन्हा चिमटा काढून लावत होत्या. पुतण्या रुग्णवाहिकेसाठी फोनवर होता. अडीच तासांचा रस्ता होता. दादा भिंतीला टेकून उभा होता.

बाटलीताईने बाळाचे ओठ बघितले, नखं बघितली. मग पिलूच्या आईला विचारलं, "दूध कशात कालवता?"

उत्तर वहिनीने दिलं. "उकळलेल्या पाण्यात. त्यात हयगय नाही हो, मी स्वतः वीसवीस मिनिटं खळाखळा उकळते. निम्मं होईपर्यंत."

बाटलीताईला आता सगळं कळलं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे उरतं. निम्मं पाणी आटलं म्हणजे नायट्रेट दुप्पट दाट झालं. आजी जितकी जास्त काळजी घेत होती तितकं बाळाच्या बाटलीत जास्त जात होतं. वहिनीला तिने तेव्हा काही सांगितलं नाही. ती डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टर, मी पाणी तपासते. यांच्या विहिरीत नायट्रेट ब्याण्णव होतं, बाळाच्या बाटलीत त्याच्या दुप्पट असेल. तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते बाधतं. तुम्ही रक्ताचा रंग बघितलात का?"

डॉक्टरांनी चिमट्यावरचा हात काढला. कदाचित पुस्तकातलं कुठलं तरी पान त्यांना आठवत असावं. मग त्यांनी पांढरा कागद मागवला. पिलूच्या टाचेतून एक थेंब कागदावर घेतला, शेजारी नर्सच्या बोटाचा एक थेंब. सगळे त्या कागदाकडे बघत राहिले. नर्सचा थेंब लालभडक होता. पिलूचा थेंब हवेत ठेवूनही चॉकलेटसारखा तपकिरी राहिला.

"हृदय नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त प्राणवायू धरत नाहीये. याच्यावर औषध असतं. आपल्याकडे आहे का ते बघावं लागेल."

नर्स कपाट उपसायला लागली. पहिली कुपी सापडली ती मुदत संपलेली. पुतण्या म्हणाला, "गाडी दहा मिनिटांत येतेय, नेऊ या का?" डॉक्टर म्हणाल्या, "अडीच तास ती काढेल की नाही, मी सांगू शकत नाही." नर्स खालच्या खणात हात घालून खोके बाहेर ओढत होती. शेवटच्या खोक्यात दुसरी कुपी निघाली. तिची मुदत महिनाभराने संपणार होती.

औषध गर्द निळं होतं. डॉक्टरांनी बाळाच्या वजनाचा हिशोब कागदावर दोनदा केला, नर्सकडून तिसऱ्यांदा करून घेतला आणि थेंबाथेंबाने ते शिरेत सोडलं. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग यंत्रावरचा आकडा चक्क खाली गेला. "औषधाच्या रंगाने यंत्र फसतं," डॉक्टर म्हणाल्या, पण त्याही यंत्रावरून नजर काढत नव्हत्या. पाऊण तासाने कानाच्या पाळ्या आधी गुलाबी झाल्या. मग ओठ. मग पिलूने तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून वहिनी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

बाहेरच्या बाकावर पुतण्या बाटलीताईशेजारी येऊन बसला.

"आत्या, ब्याण्णव म्हणालीस. कधी मोजलं होतंस?"

"आठ महिन्यांपूर्वी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

दादा समोरच उभा होता. ती म्हणू शकली असती की तुझ्या बापाला विचार. खोटंही ठरलं नसतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "दादाला सांगितलं, आणि वाटलं आपलं काम झालं. तुझी बायको ओसरीत समोर बसली होती. तिला सांगितलं नाही."

पुतण्याने बापाकडे बघितलं. दादाने खाली मान घातली. पुतण्या उठला आणि आत गेला. पुढे कित्येक दिवस तो दोघांशीही कामापुरतंच बोलायचा.

तिसऱ्या दिवशी दादा बाटलीताईच्या प्रयोगशाळेत आला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. हातात प्लास्टिकची बाटली होती. ती टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मोज. माझ्यासमोर."

तिने मोजलं. चौऱ्याण्णव.

"हे सगळं माझं?"

"सगळं तुझं नाही. पण वरच्या अंगाला तूच आहेस."

दादा स्टुलावर बसला. "खत बंद केलं तर बटाटा येणार नाही. हे तुला मान्य आहे की नाही?"

"मान्य आहे. बंद कर असं मी म्हणतच नाही. जे घालतोस ते बटाट्याला मिळू दे, एवढंच. त्याची मुळं असतात हातभर. तू एकदम घालतोस आणि सहा तास पाणी सोडतोस. रोप बोटभर असतं तेव्हा ते एवढं खाणार कसं? मुळं पोचायच्या आत सगळं खाली गेलेलं असतं."

"मग काय करू?"

तिने कागद ओढला आणि पेन्सिलीने आकडे मांडले. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट इतकं, एका हंगामात एकराला पाणी इतकं. खाली उत्तर आलं ते तिने बोटाने दाखवलं. "हे बघ. तू याच विहिरीचं पाणी बटाट्याला देतोस. त्या पाण्यातूनच एकरी एका पोत्याहून जास्त युरिया जातो. तो तू मोजतच नाहीस. वरून पूर्ण माप घालतोस."

दादाने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मीच घातलेलं मीच उपसतोय."

"उपसतोयस ते चांगलंच आहे. फक्त ते धरून माप कमी कर."

असं ठरलं की सहा एकरांपैकी तीन एकर दादाच्या रीतीने आणि तीन तिच्या रीतीने. तिच्या भागात लागवडीला चिमूटभर खत, बाकीचं रोप वाढेल तसं थोडं थोडं, आठवड्या-आठवड्याने. पाणी रोज थोडा वेळ. दोन्ही भागांत तिने दोन हात खोल नळ्या पुरल्या. त्यांच्या तळाला सच्छिद्र मातीची टोपी होती. वरून पिचकारीने ओढलं की मुळांच्या खाली झिरपलेलं पाणी वर यायचं. त्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी जितकी जांभळी तितकं खत वाया.

पहिले पाच आठवडे वाईट गेले. दादाचा भाग काळपट हिरवागार दिसत होता आणि तिचा भाग फिका. बांधावरून जाणारा शेजारी म्हणायचा, "बहिणीने पथ्यावर ठेवलंय वाटतं शेताला." दादा हसायचा नाही. रोज सकाळी तो त्या सीमेवर उभा राहायचा, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. शेवटी एका सकाळी त्याने गाडीत पोती भरली आणि बहिणीला फोन केला. "तुझा अर्धा भाग हातचा चाललाय. आज मी घालतोय. फक्त कळवतोय."

ती सायकल घेऊन तडक आली. तेव्हा पश्चिमेकडे आभाळ भरून आलं होतं. गडी पोती उतरवत होते. एक पोतं फोडलेलंही होतं.

"दादा, पाऊस येणार आहे."

"म्हणूनच. पावसाआधी टाकलं की मुरतं."

"वाळूत मुरत नाही. वाहून जातं."

"मग बघत बसू? पान पिवळं पडलंय ते तुला दिसत नाही?"

तिने वाफ्यात वाकून वीसेक पानं खुडली, देठ चुरगळून रस काढला आणि पट्टीवर टाकला. मग दादाच्या भागातली तेवढीच पानं घेतली. देठ रिकामे निघाले तर दादाचं खरं ठरणार होतं, आणि मग तिला बाजूला व्हावं लागणार होतं. एक मिनिट पट्टीकडे बघत दोघं उभे राहिले. तिच्या भागाची पट्टी दादाच्या पट्टीपेक्षा फिकी होती, पण पुरेसं असल्याच्या खुणेच्या वर होती.

"अजून चार दिवसांचं आहे त्याच्या पोटात," ती म्हणाली. "पाऊस जाऊ दे. मग घाल, तेही निम्मं. मागच्या वेळी मी एकदा सांगून निघून गेले होते. आज जाणार नाही. तुला टाकायचं असेल तर माझ्यासमोर टाक."

दादाने फोडलेल्या पोत्यात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. बराच वेळ ती मूठ तशीच होती. मग त्याने ती परत पोत्यात मोकळी केली आणि गड्यांना म्हणाला, "झाका. आत न्या."

पाऊस दोन दिवस पडला. तिसऱ्या दिवशी तिने नळ्यांतलं पाणी ओढलं. दादाच्या भागाची पट्टी वांग्यासारखी जांभळी झाली. तिच्या भागाची फिकट गुलाबी. पाऊस उघडल्यावर तिच्या भागाला थोडं खत दिलं, तो सावरला. दादाचा हिरवागार भाग मात्र पंधरा दिवसांत पिवळा पडायला लागला. त्याचं सगळं आधीच देऊन झालं होतं आणि ते पावसाबरोबर खाली गेलं होतं. काढणीला तिच्या भागात बटाटा थोडा जास्त भरला, फार नाही. खत लागलं निम्म्याहून थोडं अधिक. शेजारी म्हणाला, "पाऊस आला म्हणून जमलं." दादा म्हणाला, "पाऊस दर वर्षी कधी ना कधी येतोच."

पुढच्या वर्षी सहाही एकर त्या रीतीने झाले. बटाटा निघाला की लगेच दादा चाऱ्याचं ओट पेरायला लागला. मातीत उरलंसुरलं खत त्याची मुळं धरून ठेवायची, आणि रान उघडं राहायचं नाही.

विहीर मात्र लगेच वळली नाही. पहिल्या वर्षी आकडा अठ्ठ्याण्णव आला तेव्हा दादाचा चेहरा उतरला. बाटलीताईने समजावलं की आधीच खाली निघालेलं अजून वाटेत आहे, ते पोचणारच. दुसऱ्या वर्षी नव्वद, मग एक्क्याऐंशी, मग चौऱ्याहत्तर. ती निवृत्त झाली त्या वर्षी एकसष्ट होतं. अजूनही पिण्यालायक नाही. प्यायचं पाणी पुतण्या शहरातल्या चांगल्या विहिरीवरून आणतो. पिलू शाळेत जाते, धडधाकट आहे, आणि आत्याआजीला बाटली म्हणूनच हाक मारते.

वहिनीला उकळलेल्या पाण्याची गोष्ट कळायला महिना लागला. ती बाटलीताईनेच सांगितली, दार लावून, दोघीच असताना. वहिनीने स्वतःचे तळवे बघितले. मग म्हणाली, "माझ्या हातानं." बाटलीताई म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, वहिनी. सांगायचं काम माझं होतं." त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नाही.

निवृत्तीनंतरही ती चढावरच्या वाळूच्या शेतांमधून फिरत असते. ऑफिसची पिशवी परत करावी लागली, म्हणून स्वतःची घेतली. सोळा घरं झाली. त्यातल्या अकरांनी खताची रीत बदलली, तिघांनी अर्धवट बदलली, दोघे ऐकत नाहीत. मागच्या महिन्यात त्या दोघांपैकी एकाने तिला फाटकातच अडवलं. आमचं आम्ही बघू, म्हणाला. आकड्याचा कागद तिने त्याला दिला नाही. ती फाटकाशी दगडावर बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी बसली. शेवटी घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, म्हातारं माणूस उन्हात बसलंय म्हणून.

बाटलीताईने तांब्या घेतला, पण प्यायली नाही. शेजारी जागा करून दिली आणि विचारलं, "घरात लहान मूल आहे का, बाई?"